७०७५-टी६५१ ॲल्युमिनियम प्लेट: थंड फिक्स्चरला अव्वल, तापत्या साच्याला नको

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या टूलरूममध्ये (साचे आणि अवजारे बनवणाऱ्या कारखान्यांत) पूर्वी जिथे डोळे झाकून स्टील लावले जाई, तिथे आता बऱ्याच कामांना ॲल्युमिनियमची प्लेट मागितली जाते. मागणी करताना ग्राहक बहुधा एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे "सगळ्यात मजबूत असेल ती द्या", आणि व्यापारी त्याला ७०७५-टी६५१ (७०७५ हा मिश्रधातूचा क्रमांक, टी६५१ ही त्याच्या उष्णोपचाराची खूण) काढून देतो. ही प्लेट आम्ही मशीनिंगच्या फिक्स्चरसाठी, म्हणजे घडवायचा तुकडा (जॉब) पक्का पकडून ठेवणाऱ्या साधनासाठी, नेहमी वापरतो आणि ग्राहकाच्या आग्रहामुळे रबर मोल्डिंगच्या साच्यांसाठीही वापरली आहे. या दोन्ही कामांत तिचे वागणे इतके वेगळे आहे, की तिचे परीक्षण एका वाक्यात करणे तिच्यावरही अन्याय ठरेल आणि घेणाऱ्यावरही. तुलनेसाठी मी तिच्याशेजारी ६०६१-टी६५१ ठेवली आहे, कारण दुकानात या दोनच प्लेटांमध्ये निवड करायची असते आणि किलोमागचा दर पाहिला तर ७०७५ बरीच महाग पडते.

प्रथम तिचे गुण. प्लेट धातूच्या गिरणीतून (रोलिंग मिलमधून) येते तेव्हा तिच्या पृष्ठभागावर मिश्रधातूचा क्रमांक, टेंपर (उष्णोपचाराची अवस्था), जाडी आणि लॉट क्रमांक शाईने ओळीओळींनी छापलेला असतो. बँडसॉवर कापताना आणि नंतर व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) घेताना ही धातू मन लावून काम करू देते. चिप लहान तुटते, कटरच्या धारेला धातू चिकटत नाही, आणि फिनिशिंगच्या शेवटच्या पासनंतर खिशाच्या (कोरलेल्या खोलगट भागाच्या) भिंतीवर जी एकसारखी चमक येते ती ६०६१ वर मिळवायला कटरची धार आणि कूलंट दोन्हींकडे जास्त लक्ष द्यावे लागते. बारीक आट्यांचे टॅपिंग स्वच्छ होते. एम६ चा आटा ७०७५ मध्ये पुन्हा पुन्हा आवळला-सोडला तरी बराच काळ टिकतो. लोकेटिंग पिनचे भोक दीर्घकाळ माप सोडत नाही. खोलीच्या तापमानाला, कोरड्या जागी, रोज शेकडो जॉब पकडणाऱ्या फिक्स्चरसाठी ॲल्युमिनियममध्ये याहून चांगला माल मी सुचवणार नाही.

हे गुण कुठून येतात ते पाहिल्याशिवाय तिचा दोष समजत नाही. ७०७५ मध्ये जस्त ५.१ ते ६.१ टक्के, मॅग्नेशियम २.१ ते २.९ टक्के, तांबे १.२ ते २.० टक्के आणि थोडे क्रोमियम असते. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम ०.८ ते १.२ टक्के, सिलिकॉन ०.४ ते ०.८ टक्के आणि त्याखेरीज थोडे तांबे व क्रोमियम. म्हणजे पहिलीत जवळपास दहा टक्के परकी मूलद्रव्ये आहेत आणि दुसरीत दोन-अडीच टक्के. टी६, म्हणजे उष्णोपचाराने पूर्ण कठीण केलेल्या, अवस्थेत ७०७५ ची ताणशक्ती (ओढून तुटेपर्यंत सोसलेला ताण) सुमारे ५७२ एमपीए (मेगापास्कल) आणि यील्ड मर्यादा (जिच्यापुढे धातू कायमची वाकते) सुमारे ५०३ एमपीए मानली जाते; ६०६१ साठी हेच आकडे ३१० आणि २७६ आहेत. ब्रिनेल कठीणता (पृष्ठभागावर गोळी दाबून मोजलेली) अनुक्रमे १५० आणि ९५. घनता मात्र २.८१ आणि २.७० ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, म्हणजे वजनात नाममात्र फरक. कॅटलॉगचे हे पान एवढ्यावर संपते, आणि बहुतेक खरेदीही याच पानावर ठरते.

या आकड्यांमागे रासायनिक घटकांइतकाच वाटा उष्णतेचा आहे. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये असे आढळले, की तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवले तर लगेच ते मऊच असते, पण नुसते ठेवून दिल्यावर काही दिवसांत आपोआप कठीण होत जाते. आजही प्रक्रियेचा सांगाडा तोच आहे. ७०७५ आधी सुमारे ४७० अंश सेल्सियसला तापवून धरतात, म्हणजे जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे ॲल्युमिनियममध्ये विरघळतात. गरम पाण्यात जास्त साखर मुरते आणि पाक निवला की ती कणांनी बाहेर पडू पाहते, तसेच इथेही घडू पाहते. परंतु धातू एकदम पाण्यात विझवल्यामुळे अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग १२० अंशांवर सुमारे २४ तास एजिंग केले जाते, म्हणजे धातू मंद उष्णतेत मुरवली जाते. या मंद उष्णतेत जस्त आणि मॅग्नेशियमचे काही नॅनोमीटर आकाराचे असंख्य कण धातूभर दाट पसरतात आणि धातूच्या स्फटिकातले थर एकमेकांवरून घसरायला अडथळा करतात. ५०३ एमपीए ही मर्यादा म्हणजे या कणांच्या दाटीचीच ताकद आहे.

टी६५१ मधले '५१' हे शेपूट व्यापारी क्वचितच समजावून सांगतो, पण प्लेट घेणाऱ्यासाठी ते महत्त्वाचे आहे. विझवताना जाड प्लेटचा बाहेरचा भाग आधी थंड होतो आणि आतला नंतर, त्यामुळे तिच्यात ताण अडकून राहतात. ते मोकळे करण्यासाठी एजिंगपूर्वी प्लेट दीड ते तीन टक्के ताणतात. नुसता टी६ चा माल घेऊन त्यातून एका बाजूने खोल खिसा काढला, तर क्लॅम्प सोडल्याबरोबर जॉब धनुष्यासारखा वाकलेला हाती येऊ शकतो. टी६५१ मध्ये हा त्रास पुष्कळ कमी असतो. फिक्स्चरच्या मोठ्या बेसप्लेटसाठी मी याबाबत तडजोड करत नाही.

घटक आणि उष्णता यांतले अर्धेच बघितले तर फसगत कशी होते, याचे सोपे उदाहरण म्हणजे मऊ केलेली, म्हणजे 'ओ' टेंपरची ७०७५. तिची ताणशक्ती सुमारे २२८ एमपीए आणि यील्ड मर्यादा फक्त १०३ एमपीए असते. रासायनिक विश्लेषण करा, अहवाल हुबेहूब टी६ सारखाच येईल. अलीकडे अनेक व्यापाऱ्यांकडे हातात धरायची एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी घटक ओळखणारे यंत्र) असते आणि ती लावून पडद्यावर '७०७५' दाखवले, की ग्राहक निर्धास्त होतो. ती गन जस्त-तांबे बरोबर ओळखते. भट्टीत काय झाले हे तिला कळूच शकत नाही. कापून उरलेल्या तुकड्यावर गिरणीचा छाप राहिलेला नसेल, तर त्याची कठीणता तपासून घ्यावी. दीडशेच्या आसपास ब्रिनेल आली तरच तो टी६ म्हणून स्वीकारावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. धातुशास्त्राच्या हस्तपुस्तिकांमध्ये प्रत्येक मिश्रधातूची वेगवेगळ्या तापमानांची ताणशक्ती दिलेली असते. ती त्या तापमानाला दहा हजार तासांपर्यंत राहिलेल्या नमुन्याची, त्याच तापमानाला मोजलेली असते. ७०७५-टी६ ची शक्ती १०० अंशांवर ४८३ एमपीए आहे. म्हणजे थोडी घट झाली तरी ती ६०६१ च्या खूप पुढे आहे. १५० अंशांच्या ओळीवर मात्र ती २१४ वर येऊन पडते. त्याच ओळीत ६०६१-टी६ चा आकडा २३४ आहे. २०० अंशांच्या थोडे पुढे गेल्यावर ७०७५ कडे ११० उरतात आणि ६०६१ कडे १३१. यील्ड मर्यादेतही हाच क्रम दिसतो: दीडशे अंशांवर १८६ विरुद्ध २१४. खोलीच्या तापमानाला जवळजवळ दुपटीने बलवान असलेली, महाग प्लेट दीडशे अंशांवर दीर्घकाळ राहिली की स्वस्त प्लेटच्या मागे पडते. माझ्या मते गरम कामासाठी ७०७५ मागणाऱ्या प्रत्येकाने बाकी काही वाचले नाही तरी चालेल, पण ही एक ओळ वाचावी.

दहा हजार तास म्हणजे अखंड चालवले तर साधारण चौदा महिने. दोन पाळ्यांत चालणाऱ्या प्रेसवर एवढे तास भरायला दोन वर्षे लागतात, त्यामुळे ही सीमा काल्पनिक नाही. शिवाय घसरण त्या मुदतीच्या शेवटी एकदम होत नाही. तिचा मोठा भाग सुरुवातीच्या काही दिवसांतच होऊन जातो. उलट बाजूही सांगायला हवी: बेअरिंग बसवण्यासाठी हाउसिंग काही मिनिटे शंभर अंशांपर्यंत तापवले, किंवा चंद्रपूरच्या सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात फिक्स्चर ट्रकवर दिवसभर पडून राहिले, तर ७०७५ ला काहीही होत नाही. प्रश्न १२० अंशांच्या पुढे, तासन्‌तास राहणाऱ्या उष्णतेचा आहे.

हाच आकडा पुन्हा का आला, याचे उत्तर एजिंगमध्ये आहे. ज्या तापमानाला ते कण तयार केले, त्याच्या वर धातू ठेवली की कण वाढू लागतात; लहान कण विरघळून मोठ्या कणांत सामावतात, त्यांची संख्या घटते आणि मधली अंतरे रुंदावतात. अडथळे विरळ झाले की धातू सहज घसरते. ७०७५ चे एजिंग १२० अंशांवर होते, तर ६०६१ चे १६० ते १७५ अंशांवर, आठ ते अठरा तास. ॲल्युमिनियममध्ये जस्ताचे अणू चपळ असतात आणि त्यांचे कण लवकर फुगतात. ६०६१ मधले मॅग्नेशियम-सिलिकॉनचे कण मुळात कमी असल्यामुळे थंड असताना शक्ती कमी देतात, पण त्याच तापमानाला जास्त दमाने टिकतात. म्हणून कोणत्याही प्लेटबद्दल व्यापाऱ्याला किंवा पुस्तकाला पहिला प्रश्न विचारायचा तो तिच्या एजिंगच्या तापमानाचा, आणि आपले काम त्याच्या पुरेसे खाली राहते की नाही ते पाहायचे.

रबराच्या साच्यात हे डोळ्यांनी दिसते. नायट्राइल किंवा ईपीडीएम रबराचे गॅस्केट कॉम्प्रेशन मोल्डिंगने करताना साचा साधारणपणे १५० ते १८० अंशांवर असतो. मोठ्या उत्पादनाला स्टीलचाच साचा लागतो, पण नमुन्यांसाठी आणि लहान बॅचसाठी ॲल्युमिनियमचा साचा लवकर तयार होतो. अशा साच्यात कॅव्हिटीभोवती (रबर भरायच्या पोकळीभोवती) जेमतेम मिलिमीटरभर रुंदीची एक उभी कड ठेवतात आणि तिच्याबाहेर जादा रबर जायला खाच काढतात. प्रेसचा सारा दाब या अरुंद कडेवर येतो. साचा नवा असताना कड तीक्ष्ण असते आणि गॅस्केटच्या काठाला येणारी फ्लॅश (बाहेर निसटलेल्या रबराची झालर) कागदाहून पातळ, बोटाने ओढली की सुटणारी. ७०७५ च्या साच्यात काही आठवडे चालवल्यावर हीच कड भिंगाखाली पाहिली, तर तिचा माथा चपटा होऊन बाहेरच्या खाचेकडे किंचित ओघळलेला दिसतो, आणि त्याच सुमारास ट्रिमिंगला बसलेल्या बायका फ्लॅश जाड येत असल्याची तक्रार करू लागतात. आमच्याकडे अशा साच्याच्या कोपऱ्यावर घेतलेली कठीणता दीडशेवरून शंभर-एकशेदहाच्या आसपास उतरलेली होती. तशाच कामातल्या ६०६१ च्या साच्याची कठीणता पंचाण्णववरून नव्वदीच्या किंचित खाली आली होती, आणि पुढेही ती फारशी हलली नाही.

इथे कोणी म्हणेल, की शंभर हे नव्वदपेक्षा जास्तच आहे. हे खरे, पण कठीणता आपण साचा थंड झाल्यावर मोजतो आणि कड दबते ती साचा गरम असताना. शिवाय ७०७५ ची घसरण तिथे थांबलेली नसते. साच्याला जी एक ठरलेली, न बदलणारी ताकद हवी असते, ती तिच्याकडून मिळत नाही. झालेली हानी भरूनही काढता येत नाही. पुन्हा ४७० अंशांवर तापवून विझवले तर शक्ती परत येईल, परंतु तयार साचा पाण्यात विझवल्यावर त्याचे माप राहणार नाही, आणि मशीन केलेल्या कॅव्हिटीला गिरणीसारखे ताणता तर येतच नाही.

पावडर कोटिंगचा (रंगाची पावडर चढवून ओव्हनमध्ये पक्की करण्याचा) विषय याच वर्गात मोडतो आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कोटिंगच्या ओव्हनमध्ये पावडर पिकण्यासाठी जॉब १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटे ठेवतात. ६०६१ ला हे तापमान तिच्या एजिंगच्या जवळचेच असल्यामुळे एवढ्या अवधीत तिचे फारसे बिघडत नाही. ७०७५-टी६ च्या ब्रॅकेटसाठी मात्र हा नको असलेला दुसरा उष्णोपचारच ठरतो, आणि जॉब पातळ असेल, कन्व्हेयर मध्येच थांबला असेल किंवा रंग न जमल्यामुळे तोच जॉब दुसऱ्यांदा ओव्हनमध्ये गेला असेल, तर घट आणखी वाढते. मोटरसायकलच्या सस्पेन्शनचे भाग किंवा सायकलचे क्रँक ७०७५ मध्ये करून घेणाऱ्यांनी रंगासाठी ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवणे) निवडावे. हार्ड ॲनोडायझिंगची टाकी तर शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेली असते, त्यामुळे टेंपरला धक्का लागत नाही.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात सांगतो. ७०७५ ला नेहमीच्या टिग-मिग वेल्डिंगने जोडू नये. जोड थंड होतानाच त्याला भेगा पडतात. ६०६१ जोडता येते, मात्र जोडाशेजारच्या पट्ट्यात टी६ ची अवस्था उरत नाही आणि तिथली शक्ती जवळपास निम्म्यावर येते, हे गृहीत धरूनच जाडी ठरवावी लागते.

मजबुतीच्या नावाखाली ७०७५ घेणाऱ्यांचा आणखी एक समज तपासून पाहण्यासारखा आहे. प्लेट वाकू नये म्हणून महाग माल घेतला, असे अनेक जण सांगतात. प्लेट भाराखाली किती लवते हे तिच्या यील्ड मर्यादेवर ठरत नाही, ते लवचिकता गुणांकावर (धातूच्या मूळ ताठपणावर) ठरते, आणि तो ६०६१ चा सुमारे ६९ जीपीए (गिगापास्कल) तर ७०७५ चा सुमारे ७२ जीपीए आहे. एवढ्याशा फरकासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा जाडी दोन मिलिमीटरने वाढवली तर लवणे कितीतरी जास्त कमी होते. घटक बदलून ॲल्युमिनियमची शक्ती पाचपट करता येते, पण तिचा ताठपणा जवळपास आहे तिथेच राहतो.

उष्णतेच्या कामात दोन गुण उरतात, वहन आणि प्रसरण. वहनात ६०६१ पुढे आहे: तिची उष्णतावाहकता सुमारे १६७ वॅट प्रति मीटर-केल्विन, ७०७५ ची १३०. मिश्रणात परके अणू जितके जास्त, तितका उष्णतेचा रस्ता खडबडीत होतो. साच्यासाठीच्या पी२० स्टीलच्या तुलनेत दोन्ही कितीतरी वरचढ आहेत, त्यामुळे हीटरच्या काड्यांमधल्या जागेत तापमान एकसारखे राहते आणि रबर सगळीकडे सारखे पिकते. प्रसरणात मात्र दोघींमध्ये काहीच फरक नाही. ३०० मिमी रुंदीचा साचा ३० वरून १६० अंशांवर गेला, की ॲल्युमिनियम सुमारे ०.९ मिमी वाढते, तर स्टील त्याच्या निम्म्याने. ॲल्युमिनियमचा साचा स्टीलच्या बोल्स्टरवर (आधाराच्या जाड प्लेटवर) चारही कोपऱ्यांत घट्ट डॉवेलने (जागा पक्की करणाऱ्या पिनने) बसवला, तर तो तापल्यावर स्वतःलाच चिरडतो. एक डॉवेल गोल भोकात आणि दुसरा लांबट खाचेत, ही जुनी पद्धत इथे सोडू नये. बोल्टच्या आट्यांतही स्टीलचे इन्सर्ट घालावेत, कारण दीडशे अंशांवर ॲल्युमिनियम भाराखाली सावकाश सरकत राहते आणि आवळलेला बोल्ट ढिला पडतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्यामुळे केल्विनमध्ये मोजले तर १५० अंश म्हणजे वितळण्याच्या वाटेवरचा पंचेचाळीस टक्क्यांचा टप्पा असतो. तिथे धातू पूर्णपणे स्थिर राहण्याची अपेक्षा धरता येत नाही.

गरम कामासाठी ॲल्युमिनियमच घ्यायचे असेल, तर त्यासाठी वेगळ्या रचनेचे मिश्रधातू आहेत, आणि त्यांची रचना हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. २६१८ मध्ये तांबे सुमारे १.९ ते २.७ टक्के आणि मॅग्नेशियम १.३ ते १.८ टक्के असते, आणि त्याखेरीज लोखंड व निकेल प्रत्येकी एक टक्क्याच्या आसपास मुद्दाम घातलेले असतात. इतर बहुतेक घडीव ॲल्युमिनियममध्ये लोखंड ही नको असलेली भेसळ मानली जाते. इथे तेच निकेलबरोबर मिळून असे कण बनवते, जे उष्णतेत विरघळतही नाहीत आणि फुगतही नाहीत. खोलीच्या तापमानाला या धातूची ताणशक्ती ४४० एमपीए, म्हणजे ७०७५ पेक्षा बरीच कमी. परंतु १५० अंशांवर ती ३४५ आणि दोनशेच्या पुढे थोडे गेल्यावरही २२१ टिकवते. ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बांधलेले काँकॉर्ड विमान याच जातीच्या, तिकडे आरआर५८ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूचे होते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडताना हवेच्या रेट्याने त्याचे नाक १२७ अंशांपर्यंत तापत असे, आणि १९७६ ते २००३ या काळात प्रवाशांना नेणाऱ्या विमानाची काया ७०७५ मध्ये करणे त्या अभियंत्यांना परवडणारेच नव्हते. इंजिनच्या पिस्टनमध्येही सिलिकॉनबरोबर तांबे आणि निकेल घालतात, ते याच कारणासाठी. २६१८ ची प्लेट आपल्याकडे सहजासहजी हाती लागत नाही, हे मात्र खरे. त्यामुळे दीडशे-एकशेसाठ अंशांपर्यंत ६०६१ आणि त्याच्या पुढे सरळ स्टील, अशी विभागणी मी व्यवहार्य मानतो.

काही व्यापारी गरम कामासाठी ७०७५-टी७३५१ सुचवतात. ही अवस्था दोन टप्प्यांच्या एजिंगने मिळते, त्यातला दुसरा टप्पा १६० ते १७७ अंशांवर असतो. म्हणजे कण आधीच जाणूनबुजून वाढवलेले असतात. ताणशक्ती ५०५ एमपीएच्या आसपास येते आणि मोबदल्यात ताणाखाली गंजून तडकण्याचा धोका फार कमी होतो. जाड टी६ प्लेटमध्ये, जाडीच्या दिशेने ताण पडत असेल आणि हवा खारी असेल, तर हा धोका खरा आहे. रत्नागिरी, वेंगुर्ला किंवा वास्कोच्या बंदरालगत काम करणाऱ्यांनी टी७३५१ घ्यावी, ती माझी ठाम शिफारस आहे. परंतु दीडशे अंशांच्या साच्यात तीही पुढे मऊच होत जाते; ती फक्त थोड्या खालच्या पायरीवरून निघालेली असते. या दोन अवस्था कठीणतेवरून नीट ओळखता येत नाहीत. त्यासाठी विद्युतवाहकतेचा प्रोब लावावा लागतो: टी६ मध्ये शुद्ध तांब्याच्या सुमारे ३३ टक्के, तर टी७३ मध्ये ३८ टक्क्यांच्या वर. कण वाढून बाहेर पडले की उरलेले ॲल्युमिनियम अधिक स्वच्छ होते आणि वीज जास्त सहज वाहते, एवढा तो सरळ हिशेब आहे.

६०६१ ची बाजू घेताना तिचे उणेही सांगतो. ती मशीनवर चिकट चालते, लांब चिप देते, आणि कोरडे टॅपिंग केले तर आटा फाटतो. तिच्या फिक्स्चरवर लोकेटिंग भोके लवकर झिजतात, म्हणून कडक बुश घालावेच लागतात. दोनशे अंशांच्या पुढे तिचीही दाणादाण उडते. २६० अंशांवर जेमतेम ५१ एमपीए शिल्लक राहतात. बाजारात तिच्या नावाचाही गोंधळ आहे. मुंबईच्या गुलालवाडी-कीका स्ट्रीटपासून भोसरीपर्यंत जुने व्यापारी अजून एचई२० आणि एचई३० म्हणतात. एचई२० म्हणजे ६०६१ आणि एचई३० म्हणजे ६०८२, ज्यात सिलिकॉन आणि मँगनीज जास्त असते. टी६ मध्ये दोघींची शक्ती जवळपास सारखी आहे, त्यामुळे साच्यासाठी एकीच्या जागी दुसरी आली तर काम अडत नाही. मात्र बिलावर एक आणि सर्टिफिकेटवर दुसरी असेल, तर माल घेऊ नये.

खरेदीची ऑर्डर लिहिताना केवळ '७०७५ प्लेट' किंवा 'एअरक्राफ्ट ग्रेड' असे लिहू नये. मिश्रधातू आणि टेंपर पूर्ण लिहावे, लॉट क्रमांकाशी जुळणारे गिरणीचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि ते घटक व यांत्रिक गुणधर्म या दोन्हींचे असल्याची खात्री करावी. प्लेट कापून घेताना छाप असलेला भाग आपल्या तुकड्यावर यावा, असा आग्रह धरावा. तसे शक्य नसेल तर व्यापाऱ्यासमोरच पंचाने क्रमांक उमटवून घ्यावा. साचा करून देणाऱ्याला काम किती अंशांवर आणि किती तास चालणार, हे लेखी कळवावे. हे न कळवता "सगळ्यात मजबूत" मागणाऱ्याला टूलरूमने उलट प्रश्न विचारला, तर त्याने रागावू नये.

मशीनिंगची चिपही वेगळी ठेवावी लागते. ६०६१ च्या भंगारात ७०७५ ची चिप मिसळली, की त्यातले जस्त आणि तांबे पुढच्या ओतकामात तसेच जाते आणि भंगारवाला सगळ्या ढिगालाच खालचा दर लावतो. आम्ही दोन मशिनींखाली दोन रंगांचे ट्रे ठेवले आहेत. उरलेल्या तुकड्यांवर टेंपरचे शिक्के मारून ते वेगळ्या रॅकमध्ये ठेवतो, आणि एकदा प्रेसवर तापून आलेला ७०७५ चा तुकडा त्या रॅकमध्ये परत न जाता थेट भंगारात जातो.